वरच्या कोर्टाचा निवाडा पटत नाही म्हणून खालच्या कोर्टाने तो बाजूला ठेवावा का?

धंतोलीची वकील:
काल सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात माझ्या पक्षकार मावशींच्या घराच्या दाव्यात युक्तिवाद होता. उच्च न्यायालयाच्या निवाड्याची झेरॉक्स मी पुढे ठेवली, हव्या त्या परिच्छेदांना पिवळ्या चिठ्ठ्या लावून. समोरचे वकील म्हणाले, हा निष्कर्ष तर्काला धरून नाही, बाजूला ठेवावा. न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, "तो अधिकार मला कुठून आला?"
मला ते शंभर टक्के पटलं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ प्रमाणे सगळ्या न्यायालयांना बंधनकारक. तसंच राज्यातल्या खालच्या न्यायालयांना उच्च न्यायालयाचं म्हणणं. आपल्या प्रकरणाची वस्तुस्थिती वेगळी असेल तर ती दाखवा, तो मार्ग खुलाच आहे. नुसतं 'मला पटत नाही' हे कारण चालणार नाही. मावशींनी याच भरवशावर तीन वर्षं तारखा केल्यात.

महालकर:
ताई, आपल्याच नागपूर खंडपीठाचा १९ जानेवारी २०२१ चा निकाल आठवा. बारा वर्षांच्या मुलीला कपड्यांवरून हात लावला, त्वचेचा त्वचेला स्पर्श झाला नाही, म्हणून पॉक्सोचं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्याचं, लैंगिक अत्याचाराचं कलम लागत नाही, असं ठरलं. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारीला स्थगिती दिली नसती, तर विशेष न्यायालयांनी लेकरांच्या प्रकरणांत तेच लावलं असतं. समोर बसलेल्या न्यायाधीशाला चूक ढळढळीत दिसतेय आणि हात बांधलेले. याला न्याय कसं म्हणायचं?

धंतोलीची वकील:
तो निकाल वाचून मीही रात्रभर झोपले नव्हते. पण दादा, चूक सुधारली ती वरच्या न्यायालयाने, १८ नोव्हेंबर २०२१ ला निकाल पूर्ण रद्द करून. प्रत्येक न्यायाधीश आपल्या मनाने निवाडे टाकायला लागला तर कामठीत एक कायदा आणि काटोलात दुसरा. ज्याच्याकडे अपिलाचे पैसे नाहीत तोच मरेल.

जुना लॉ कॉलेजवाला:
दोघंही एक गोष्ट सोडताय. बांधील असणं म्हणजे गप्प बसणं नाही. १९६४ च्या सज्जनसिंग खटल्यात पाचही न्यायाधीशांनी घटनादुरुस्ती वैध ठरवली; संसद मूलभूत हक्कांत बदल करू शकते, असं त्यांतल्या तिघांनी ठरवलं, १९५१ च्या निवाड्याला धरून. पण हिदायतुल्ला आणि मुधोळकर या दोघांनी निष्कर्ष मान्य करूनही आपली शंका स्वतंत्रपणे लिहून ठेवली. दोघंही आपल्या जुन्या नागपूर उच्च न्यायालयातले! घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यात बदल म्हणजे दुरुस्ती की पुनर्लेखन, हा प्रश्न मुधोळकरांनी तिथे विचारला. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात अकरा न्यायाधीश बसले आणि जुना निवाडा फिरला. १९७३ ला केशवानंद खटल्यात तेरा बसले, गोलकनाथही फिरला, पण मुधोळकरांच्या प्रश्नाला उत्तर मिळालं: मूलभूत चौकट बदलता येत नाही.
कमी न्यायाधीशांच्या पीठाने जास्त न्यायाधीशांच्या पीठाचं ऐकायचं. पटत नसेल तर कारणं लिहून प्रकरण मुख्य न्यायमूर्तींकडे पाठवायचं. डिसेंबर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हेच पक्कं केलं.

महालकर:
सर, मुधोळकरांबद्दल माहीत नव्हतं, धन्यवाद. पण यात जाणाऱ्या वेळाचं काय? आणीबाणीत डांबलेल्यांना न्यायालयात दाद मागता येत नाही, हा निकाल एप्रिल १९७६ चा. विरोधात एकटे न्या. खन्ना. तो औपचारिकपणे रद्द झाला ऑगस्ट २०१७ ला, म्हणजे ४१ वर्षांनी. बहुमतातल्या न्या. चंद्रचूडांचा निकाल न्यायाधीश झालेल्या त्यांच्याच मुलाने चुकीचा ठरवला. शंका लिहायची मुभा जिल्हा न्यायाधीशालाही द्या, आणि ती वर पोहोचेल अशी ठाम वाट करा. आत्ता ती कागदावर आली तरी अपील झालं नाही तर कपाटातच राहते.

धंतोलीची वकील:
यावर मी तुमच्यासोबत आहे. शंका लिहावी, निकाल मात्र बंधनकारक निवाड्याप्रमाणेच द्यावा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११३ खाली खालचं न्यायालय कायद्याचा प्रश्न उच्च न्यायालयाकडे पाठवू शकतं, पण माझ्या अठरा वर्षांच्या वकिलीत मी ते एकदाही होताना पाहिलं नाही. इथे कुणी पाहिलंय का?