मदत हवी आहे: घाटात ब्रेकचं पेडल थरथरतं, चिखलात गाडी ताकदच देत नाही

पेठरोडकर
नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल हॅचबॅक, ड्राइव्ह पुढच्या चाकांना. एबीएस, ईबीडी, ट्रॅक्शन कंट्रोल, ईएससी असं सगळं आहे म्हणे. राहायला नाशिकला इंदिरानगरात, सासुरवाडी पेठ तालुक्यात, त्यामुळे पावसाळ्यात जाणं-येणं चुकत नाही.

सावळ घाटात उतरताना वळणावर गुरं आडवी आली. जोरात ब्रेक मारला तर पेडल पायाखाली खडखडायला लागलं, उलट पायालाच ढकलत होतं. गाडी सरळ रेषेत थांबली, पण आवाज असा की खाली काहीतरी तुटलंच! पुढे गावच्या कच्च्या चढावर लाल चिखल. तिथे अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी इंजिन मलूल, आणि डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा लुकलुकतोय. शेवटी मेव्हण्यांनी ढकलली.

आमचा गॅरेजवाला म्हणतो, "एबीएसचा फ्यूज काढून टाकू, कटकट नको." सासऱ्यांनाही ते पटलंय, कारण त्यांच्या जुन्या जीपला यातलं काहीच नव्हतं. (त्या जीपला हँडब्रेकही नव्हता, दगड होता.)

पेडल थरथरलं की पाय सैल करायचा का? ट्रॅक्शनचं बटण आहे, ते चिखलात बंद करावं का? आणि फ्यूजचं काय?

सातपूरकर
फ्यूजला हात लावू देऊ नका. गॅरेजवाला बदललात तरी चालेल.

थरथर म्हणजे बिघाड नाही, ते एबीएसचं (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) काम चालू असल्याची खूण. प्रत्येक चाकाला वेग मोजणारा सेन्सर असतो. ब्रेक मारल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा एकदम मंदावलं, म्हणजे लॉक व्हायला (फिरायचं थांबून नुसतं घसरायला) आलं, की कंट्रोल युनिट त्या चाकाच्या ब्रेक ऑइलचं प्रेशर सोडतं आणि लगेच पुन्हा देतं. हे एका सेकंदात कितीतरी वेळा होतं. व्हॉल्व्हची उघडझाप आणि पंपाचे ठोके पेडलमधून पायाला लागतात. तेव्हा पाय सैल करायचा नाही, उलट दाबून धरायचा आणि स्टिअरिंगने वाट काढायची. चाक लॉक झालं की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच घसरत जाते. एबीएसचा खरा फायदा तो, अंतर कमी करणं नव्हे. सुट्या खडीवर किंवा चिखलात तर एबीएसवाली गाडी थोडी लांबच थांबते, कारण लॉक झालेलं चाक पुढे मातीचा ढीग जमवतं आणि तोच अडसर होतो. तिथे अंतर आधीपासून जास्त ठेवा.

फ्यूज काढला की ईबीडी आणि ईएससीही (वळणात गाडी घसरू न देणारी यंत्रणा) जातात. ईबीडी मागच्या चाकांना वजनाच्या हिशोबात ब्रेक देतं. ते गेलं तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी गरकन फिरू शकते.

जाता जाता, ज्या बॉशचा कारखाना आपल्या सातपूरला आहे, त्याच कंपनीचं इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना सक्तीचं आहे.

पानापक्कड
चिखलाचं मी सांगतो. ट्रॅक्शन कंट्रोल त्याच सेन्सरवर चालतं, फक्त उलट्या बाजूने. एक चाक जागच्या जागी फिरायला लागलं की त्याला एकट्याला ब्रेक लागतो, म्हणजे डिफरन्शिअलमधून (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या संचातून) ताकद दुसऱ्या चाकाकडे जाते. तेवढ्याने भागलं नाही तर इंजिनचीच ताकद कापली जाते. डांबरी रस्त्यावर हे उत्तम, पण खोल चिखलात दोन्ही चाकं फिरतात आणि मग गाडी मलूल होते.

म्हणून अडकलात तर बटण दाबून बंद करा, दुसऱ्या गिअरमध्ये हलक्या पायाने काढा, डांबर लागलं की पुन्हा चालू करा. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद-चालू केलं की ते आपोआप चालू होतं. घाटात मात्र बंद ठेवू नका. ईएससी स्टिअरिंगचा कोन आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय याचा ताळा घेतं आणि तफावत दिसली तर एखाद्याच चाकाला ब्रेक लावून गाडी वळणात ठेवतं. काही गाड्यांत तेच बटण ईएससीही बंद करतं.

आणि टायर बघा. गोटे झालेल्या टायरला कुठलंही कंट्रोल पकड आणून देत नाही.

पेठरोडकर
खूप आभार. टायरची नक्षी खरंच संपत आलीय, या आठवड्यात बदलतो. एक राहिलं: मेव्हण्यांच्या गाडीत एबीएसचा दिवा लुकलुकत नाही, कायम पेटलेला असतो. ब्रेक तर लागतात.

सातपूरकर
कायम पेटलेला म्हणजे एबीएस बंद पडलंय, साधे ब्रेक चालू आहेत. सोबत लाल ब्रेकचा दिवाही असेल तर ब्रेक ऑइल कमी असू शकतं किंवा ईबीडीही गेलेलं असू शकतं, मग गाडी चालवू नका. बहुतेक वेळा चाकाच्या सेन्सरवर चिखल बसलेला असतो किंवा वायर तुटलेली असते. भाताच्या कोठाराशेजारी गाडी लावत असतील तर उंदरांवर पहिला संशय. स्कॅनर लावून कोणत्या चाकाच्या बिघाडाचा कोड येतो ते बघायला सांगा, अंदाजाने सेन्सर बदलू देऊ नका.

पेठरोडकर
कोठाराशेजारीच लावतात! सांगतो त्यांना.