तेल तापले की बूम आणि उजवा ट्रॅक मंदावतो. पंपच बदलावा लागेल का?

प्रश्न : बकेटवाला

नमस्कार. माझ्याकडे सुमारे साडेतीन टनांचा मिनी एक्स्कॅव्हेटर असून त्याचे ४,२०० तास झाले आहेत. सकाळी मशीन थंड असताना सगळे व्यवस्थित चालते. परंतु तास-दीड तास काम झाले आणि हायड्रॉलिक तेलाच्या टाकीवर हात ठेववेनासा झाला, की बूम (मुख्य हात) उचलायला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो आणि बकेट भरलेली असेल तर तो मध्येच अडखळतो. त्याच वेळी उजवा ट्रॅकही मंदावतो, त्यामुळे दोन्ही लिव्हर सारखे ढकलले तरी मशीन उजवीकडे ओढ घेते. आर्म (बूमच्या पुढचा हात) आणि डावा ट्रॅक यांना मात्र काहीही होत नाही. तेलाची पातळी बरोबर आहे, तेल व रिटर्न फिल्टर २०० तासांपूर्वीच बदलले आहेत आणि बाहेर कुठेही गळती दिसत नाही. एका मेकॅनिकने केवळ आवाज ऐकून पंप गेल्याचे सांगितले. बूम हवेत ठेवून जेवायला गेलो, तर परत येईपर्यंत तो वीतभर खाली आलेला असतो, हेही नमूद करतो. पंप काढण्यापूर्वी आणखी काय तपासावे?

उत्तर १ : जुना फिटर

आपण लक्षणे नीट नोंदवली आहेत, त्यामुळे निम्मे काम झालेच आहे. कोणती हालचाल बिघडली यापेक्षा बिघडलेल्या हालचालींमध्ये समाईक काय आहे, हे आधी पाहावे. उजवा ट्रॅक एकटाच मंदावला असता तर मी ट्रॅव्हल मोटर (ट्रॅक फिरवणारी) किंवा स्विव्हल जॉइंटच्या (फिरत्या वरच्या भागातून ट्रॅककडे तेल नेणाऱ्या सांध्याच्या) सीलवर संशय घेतला असता. पण बूमचे तेल स्विव्हल जॉइंटमधून जातच नाही. पायलटचा (लिव्हरच्या इशाऱ्याने व्हॉल्व्ह सरकवणाऱ्या तेलाचा) दाब एकूणच कमी असता तर सगळ्याच हालचाली सुस्तावल्या असत्या. सक्शनची (पंप तेल ओढतो त्या बाजूची) चाळणी तुंबली असती किंवा सक्शनमधून हवा ओढली जात असती, तरीही बिघाड दोन्ही बाजूंना दिसला असता आणि पंप शिट्टीसारखा आवाज करू लागला असता.

अशा यंत्रांत बहुधा दोन मुख्य पंपप्रवाह असतात आणि प्रत्येकावर एक ट्रॅक व काही हालचाली विभागलेल्या असतात. कशावर काय जोडले आहे हे यंत्रागणिक बदलते, म्हणून आपल्या पुस्तिकेतील सर्किट पाहा. बूम आणि उजवा ट्रॅक एकाच पंपावर असतील आणि बकेटही मंदावत असेल, तर बिघाड त्या एका बाजूच्या पंपात किंवा त्याच्या मुख्य रिलीफ व्हॉल्व्हमध्ये (दाब मर्यादेपलीकडे गेला की तेल टाकीत सोडणारा व्हॉल्व्ह) आहे.

पंपापासून व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या दोन्ही होज सारख्या मापाच्या असतील तर त्यांची अदलाबदल करा. आता आर्म आणि डावा ट्रॅक मंदावले, तर दोष पंपाचा. बूम आणि उजवा ट्रॅकच मंद राहिले, तर पंप निर्दोष.

उत्तर २ : गेजवाला

वरील सल्ला योग्यच आहे, पण होज उघडण्यापूर्वी बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, किल्ली चालू स्थितीत आणि सेफ्टी लिव्हर कामाच्या स्थितीत ठेवून सगळे लिव्हर चारही दिशांना हलवा व टाकीचे झाकण सावकाश सैल करा. सूक्ष्म गळती हाताने चाचपून कधीही शोधू नये, त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा. टाचणीएवढ्या छिद्रातून दाबाखाली निघणारे तेल कातडीत घुसते. जखम मुंगी चावल्यासारखी दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

शक्य असल्यास आधी गेज लावा. बूम टोकाला नेऊन, पूर्ण थ्रॉटलवर, चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त न धरता दाब वाचा, आणि तो थंड व गरम अशा दोन्ही अवस्थांत वाचा. या आकाराच्या बहुतेक यंत्रांत मुख्य दाब २०० ते २५० बारच्या आसपास असतो. नेमका आकडा पुस्तिकेतलाच धरावा. गरम असतानाच लक्षण दिसण्याचे कारणही समजून घ्या : ४६ ग्रेडच्या तेलाची श्यानता (घट्टपणा) ४० अंशांना सुमारे ४६ सेंटिस्टोक्स असते, ती १०० अंशांना ७ च्या आसपास उतरते. घट्ट तेलाने झाकलेली फट पातळ तेल उघडी पाडते.

उत्तर ३ : मातीकाम

बूम वीतभर उतरतो म्हणजे बूम सिलिंडरचे पिस्टन सील गेले असावेत. ते बदलून पाहा, कदाचित सगळेच सुटेल.

उत्तर ४ : जुना फिटर

हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे होईल. बूम सिलिंडरचे सील उजवा ट्रॅक मंद करू शकत नाहीत. शिवाय बूमच्या भाराने रॉड आत ढकलला जातो, तेव्हा केवळ पिस्टन सील गळत असले आणि स्पूल (तेलाची वाट उघड-बंद करणारा व्हॉल्व्हमधला दांडा) घट्ट बंद असला, तर खालच्या बाजूचे तेल वर जाऊ पाहते. पण वरच्या बाजूची बरीचशी जागा रॉडने व्यापलेली असल्याने ते सगळे तेल तिथे मावत नाही. म्हणून बूम थोडासा दबून थांबतो. वीतभर उतरायचे असेल तर तेलाला सिलिंडरबाहेर वाट मिळाली पाहिजे, आणि ती स्पूल किंवा पोर्ट रिलीफमधून (त्या सिलिंडरच्या वाटेवरच्या रिलीफ व्हॉल्व्हमधून) मिळते. तो स्वतंत्र दोष समजा व नंतर हाती घ्या.

बकेटवाला

सर्वांचे आभार. तीन दिवसांनी लिहितो आहे. बकेटही मंदावते, हे आपण विचारल्यावरच लक्षात आले. त्या बाजूचा दाब थंड असताना २०५ बार आणि गरम झाल्यावर १४० बार मिळाला. दुसऱ्या बाजूचा गरम असतानाही २१० होता. पंपाच्या होज अदलाबदल करून पाहिल्या, तरी बूम आणि उजवा ट्रॅकच मंद राहिले. मग व्हॉल्व्ह ब्लॉकवरचे दोन्ही मुख्य रिलीफ व्हॉल्व्ह सारखेच दिसल्यामुळे त्यांचीच अदलाबदल केली आणि मशीन तापल्यावर आर्म व डावा ट्रॅक मंदावले! तो रिलीफ काढून पाहिला, तर बाहेरची ओ-रिंग एका जागी कापली गेली होती आणि तिच्यामागची पांढरी बॅकअप रिंग (ओ-रिंगला मागून आधार देणारी) नखाएवढी तुटलेली होती.

गेजवाला

म्हणजे तेल रिलीफच्या कडेने परस्पर टाकीत जात होते. मिनिटाला ६ लिटर तेल २०० बारवरून काही काम न करता परतले, तर त्यातून २ किलोवॉट उष्णता तयार होते, म्हणजे तेल तापवणारा गीझरच टाकीला जोडल्यासारखे. तेल तापते, पातळ होते, गळती वाढते आणि ते आणखी तापते. रिंगा बदलताना ओ-रिंग दाबाच्या बाजूला आणि बॅकअप रिंग तिच्या मागे येईल असे पाहा; उलट बसवल्यास तीही अशीच कापली जाईल. बसवल्यावर दोन्ही बाजूंचे दाब पुन्हा मोजा. तुटलेला तुकडा कुठे गेला, हेही शोधा.

बकेटवाला

तुकडा रिटर्न फिल्टरमध्ये सापडला. रिंगा बदलल्यावर गरम असतानाही २०५ बार मिळतो. बूम अजून उतरतोच. आता पोर्ट रिलीफ काढतो आहे.