मदत हवी आहे: हॅमस्ट्रिंग नेमकं कशाला म्हणायचं?

मंडळी, इंग्रजी शिकतेय आणि हॅमस्ट्रिंग या शब्दापाशी गाडी अडलीये. मांडीच्या मागच्या बाजूचे तीन स्नायू, जे बसायच्या हाडापासून निघून गुडघ्याखाली जोडलेले असतात आणि गुडघा वाकवतात, ते हॅमस्ट्रिंग, इथपर्यंत कळलं. पण खुर्चीत बसून गुडघ्यामागे हात लावला की दोन्ही बाजूंना दोरीसारखं कडक काहीतरी लागतं ना, त्या टेंडनलाही (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीलाही) हॅमस्ट्रिंगच म्हणतात, मग बोलताना समोरच्याला स्नायू कळतो की टेंडन? क्रिकेटच्या कॉमेंट्रीत बॉलर धावता धावता मांडी धरून थांबला की ‘पुल्ड अ हॅमस्ट्रिंग’ म्हणतात, तिथे तीनपैकी एकच असं धरायचं का? आणि ‘टाइट हॅमस्ट्रिंग्ज’मध्ये अनेकवचन का?

दुसरं, हे क्रियापदही आहे. पूर्वी जनावराच्या पायाचा हा टेंडन कापून त्याला लंगडं करायचे (वाचूनच कसंतरी होतं), त्यावरून एखाद्याचे हातपाय बांधून टाकणं असा अर्थ आला. भूतकाळी रूप हॅमस्ट्रंग. पैशाअभावी काम रखडलं तर ‘हॅमस्ट्रंग’ चालतं, पण खरंच स्नायू दुखावलेल्या माणसाबद्दल हे क्रियापद वापरलं तर विचित्र वाटेल का? जाणकारांनी रोजच्या बोलण्यातली दोन-चार वाक्यं दिली तर फार बरं होईल.