दिवाळीत अडीच वर्षांच्या मुलीसोबत रंगकाम, काय काय करता येईल?

ओवीची_आई:
नमस्कार, माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. गणपतीत मखर रंगवताना नुसतं "मी कलते, मी कलते" चाललं होतं तेव्हाच ठरवलं की दिवाळीला तिच्यासाठी वेगळं काहीतरी काढायचं. पणत्या रंगवाव्यात असं डोक्यात आहे, आणि जमलं तर दोन रंग मिसळून तिसरा कसा होतो तेही दाखवायचंय. डोंबिवलीत वन बीएचके आहे, अंगण नाही, आणि हातातलं अजूनही सगळं तोंडात जातं. एक तयार किट मागवलं होतं पण त्यात बारीक आरसे, मणी आणि ग्लिटर निघालं, परत पाठवलं. काय घ्यावं, कसं करावं, प्लीज सांगा, वसुबारसेच्या आधी सुरुवात करायचीय.

बालवाडीची_ताई:
किट परत पाठवलंस ते उत्तम केलंस, तीन वर्षांखालच्या मुलांना मणी-आरसे अजिबात नकोत, घशात अडकतात.
आता पणत्यांचं सांगते. साध्या मातीच्याच घे, रात्रभर पाण्यात भिजव म्हणजे नंतर तेल कमी पितात, मग दोन दिवस नीट वाळू दे, ओलसर राहिल्या तर रंगाचे पोपडे निघतात. वाळल्यावर बाहेरून पांढऱ्या रंगाचा एक हात तू स्वतः मार, कारण तांबड्या मातीवर पिवळा, निळा काही उठूनच दिसत नाही आणि मग रंग बदलला हे मुलांना कळणार कसं? आतली बाजू आणि वातीची चोच कोरीच ठेव, तिथे ज्योत येते.
रंग मात्र एका वेळी दोनच दे, हे मी सगळ्या आयांना हात जोडून सांगते. बारा रंगांची पेटी समोर ठेवली की पाच मिनिटांत सगळ्याचा चिखल होतो आणि मूल काहीच बघत नाही. पहिल्या दिवशी पिवळा आणि निळा, दुसऱ्या दिवशी पिवळा आणि लाल. जांभळ्यासाठी लाल-निळा घेऊ नकोस, पोस्टर कलरमधल्या लालने काळपट चॉकलेटी होतं, त्याऐवजी गडद गुलाबी आणि निळा घे, छान जांभळा येतो. आणि स्टीलच्या ताटात रंग काढू नको, पांढरी डिश घे.
आणखी एक, "हिरवा होणार बघ हं" असं आधी सांगू नकोस. तिला सापडू दे.

दोन_पोरांचा_बाबा:
ताईंना अनुमोदन. पण तो चिखल रंग फेकू नका, आमच्याकडे धाकटा तीन वर्षांचा आहे, लाल पिवळा निळा सगळं एकत्र करून जो माती रंग होतो त्याने तो किल्ल्याचे बुरूज रंगवतो. किल्ला खोक्यांचा करतो कारण आम्हीही फ्लॅटमध्येच. मागे ताटलीत माती घालून अळीव पेरायचे, चारेक दिवसांत जंगल तयार. पणत्या डझनाने हव्या असतील तर धारावीचा कुंभारवाडा गाठा, एकाच ठिकाणी भरपूर बघायला मिळतात.

मिरजेची_आजी:
पोरी, तोंडात घालते म्हणतेस तर पहिले रंग स्वयंपाकघरातलेच दे. हळद पाण्यात कालव, बीट किसून रस काढ, पालक वाटून गाळून घे. भेंडीचं डेख कापून आडवी चीर पाड, रंगात बुडवून कागदावर ठसा उमटव, फूल येतं. नात तर माझी अख्खी भेंडी संपेपर्यंत उठली नाही.
आणि एक गंमत कर. हळदीच्या पाण्याने कागद रंगवून वाळव, मग दुसऱ्या वाटीत खायचा सोडा पाण्यात विरघळवून त्यात बुडवलेला कापूस त्यावर फिरवायला दे, पिवळ्याचा तांबूस होतो. पूर्वी हळदीला चुना लावून कुंकू करायचे ते ह्याच गुणावर, पण चुना मुलांच्या हाताला लागू देऊ नकोस, डोळ्यात गेला तर फार वाईट. कपड्यावर हळद सांडली तर धुऊन कडक उन्हात टाक, डाग उडतो.

स्टुटगार्टकर:
इथे पणत्या सहज मिळत नाहीत म्हणून आम्ही काचेच्या बरणीचा कंदील करतो. बरणीवर बाहेरून जिलेटीन पेपरचे तुकडे खळीने चिकटवायचे, पिवळ्यावर थोडा निळा चढवायचा, आत बॅटरीचा दिवा ठेवला की जिथे दोन्ही एकावर एक आलेत तिथे हिरवं दिसतं. इथे ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिनसाठी किंडरगार्टनमध्ये मुलं कागदी कंदील करतात, त्यामुळे लेक एकच कंदील दिवाळीलाही लावते आणि तिकडेही नेते.
बोटांनी रंगवायचं असेल तर वाटीभर पाण्यात दोन चमचे कॉर्नफ्लोअर घालून खिरीसारखं शिजवा, गार झाल्यावर खायचा रंग घाला. फ्रीजमध्ये तीन दिवस राहतं.

ओवीची_आई:
सगळ्यांना खूप खूप थँक्यू! काल बाथरूममध्ये जुना टॉवेल अंथरून बसवलं, कॉर्नफ्लोअरचा पिवळा आणि निळा. आधी दोन्ही हात वेगवेगळे फिरवत होती, मग पिवळा तळवा निळ्यावर आपटला, घासला, आणि एकदम थांबली. हात उलटा करून बघितला, माझ्यासमोर धरला आणि म्हणाली "आई, पालक!" मी काहीच बोलले नव्हते, ताई. त्यानंतर वीस मिनिटं फक्त पालक चालू होतं. पणत्यांना पांढरा हात मारून ठेवलाय, त्या शनिवारी. आज सकाळी हळद-सोडा पण केला आणि टॉवेलवर वाटी लवंडली, धुऊन गॅलरीत टाकलाय, आजी, दुपारपर्यंत अर्धा डाग गेला.
गुलाबी कुठल्या शेडचा घ्यायचा तेवढं सांगा ना, दुकानात दोन दिसले, एक फिका बेबी पिंक आणि एक राणी.

बालवाडीची_ताई:
राणी घे. फिक्यात पांढरा असतो, जांभळ्याऐवजी कबुतरी होईल.