मदत हवी आहे: खोली फोटोत झकास, व्हिडिओत नकली. रविवारी शूट!

कवडसा: तीन वर्षं फोटोग्राफी करतोय, म्युझिक व्हिडिओचं आर्ट डिरेक्शन पहिल्यांदाच. १९८५ सालची चाळीतली खोली हवी आहे. भिंती निळ्या केल्या, पलंग, ट्रंक, आरसा, कॅलेंडर लावलं. माझ्या फोटोंत छान दिसतं. काल दिग्दर्शकाने टेस्ट घेतली तर सगळं चपटं आणि खोटं. रंग बदलू का? बजेट संपत आलंय. लेन्स-लाइट कॅमेरामन बघेल, ते नको. पटकन सांगा.

रंगारी: डिस्टेंपर की ऑइल पेंट? किती फूट? किती भिंती? निळा म्हणजे नेमका कुठला?

कवडसा: चाळीचा निळा हो. ऑइल पेंट, सगळीकडे.

रंगारी: इथेच चुकलं. ऑइल पेंट चमकतो, लाइट हलला की भिंतीवर डाग पळतात. अशा पुष्कळ खोल्यांत ऑइल पेंट कमरेपर्यंतच असायचा, वर चुना आणि त्यात नीळ. खालचा पट्टा ठेवा, वर पॉलिश पेपर घासून मॅट डिस्टेंपर मारा. न घासता माराल तर पापुद्रे सुटतील. वाळल्यावर काळा आणि तपकिरी रंग पाण्यात अगदी पातळ करून स्पंजने लावा, लगेच ओल्या फडक्याने पुसा. बटणाभोवती, दाराच्या कडेला, पलंगाच्या उशाशी जास्त, कारण तिथे हात आणि डोकी टेकतात. सगळीकडे सारखं मळवलं तर तेही खोटंच दिसतं.

खटपट्या: रंग नंतर. फोटो कुठल्या लेन्सवर काढले आणि टेस्ट कशावर घेतली?

कवडसा: ५० मिमी, f/१.८. टेस्ट फोनवर. पण मी म्हटलं ना, लेन्सचं नको.

खटपट्या: नको कसं? उत्तर तिथेच आहे. f/१.८वर, म्हणजे लेन्सचं तोंड (ॲपर्चर) इतकं उघडं असताना, मागचं सगळं विरघळतं, त्यात सेटचे दोष लपतात. फोनचा सेन्सर छोटा, म्हणून पुढचं-मागचं सगळंच स्पष्ट. कॅमेरामनला लेन्स आणि ॲपर्चर आजच विचारा. फुल फ्रेमवर (३६ मिमी रुंद सेन्सर) १० फुटांवरून ३५ मिमी साधारण १० फूट रुंदी बघते, २४ मिमी १५ फूट. सुपर ३५ हा त्याहून छोटा सेन्सर असेल तर ३५ मिमीला ७ फूटच. तुमची भिंत किती?

कवडसा: १२ फूट आणि ८ फूट. दोनच भिंती आहेत, प्लायच्या. गोदामात उभ्या केल्यात. गिंबल, म्हणजे कॅमेरा न हलता फिरवायचा दांडा, गायकाभोवती फिरणार आहे.

रंगारी: प्लायचे फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतीचे सुटे तुकडे? अहो, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! सांधे बुजवलेत का? ४ फुटी शीट म्हणजे पाच फ्लॅट. प्रत्येक सांध्यावर मैद्याच्या खळीने कागदाची पट्टी, वाळली की पुट्टी, मग पॉलिश पेपर, मग रंग. शेवटचा हात रोलरने नाही, स्पंजने थोपटा. रोलरचा पट्टा सांधा दाखवतो.

खटपट्या: सांधे बुजवून चपटेपणा जाणार नाही. पलंग भिंतीला चिकटवलाय ना? ३ फूट पुढे ओढा. कॅमेरा फिरतो तेव्हा जवळचं भरभर सरकतं, लांबचं हळू. त्या फरकानेच खोली खोल वाटते. कॅमेऱ्याच्या बाजूला कपड्यांची दोरी बांधा. दाराबाहेर ४ फुटांवर एक सुटा फ्लॅट आणि तिथे पिवळा बल्ब, म्हणजे गॅलरी झाली. दोन भिंतींत गिंबल पूर्ण फिरणार नाही. कोपऱ्यापुरतंच फिरायचं, हे दिग्दर्शकाकडून जमिनीवर खडूने आखून घ्या.

प्रभातफेरी: रीतसर शिकायचं तर पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट संस्थेत आर्ट डिरेक्शनचा अभ्यासक्रम आहे. ती जागा मुळात प्रभात फिल्म कंपनीची. प्रभात १९२९ला कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ला पुण्यात आली. तिचे कलादिग्दर्शक फत्तेलाल यांचे सेट बघा, कमानीतून कमान दिसते.

कवडसा: दादा, रविवारी शूट आहे.

रंगारी: कोल्हापूरचे जुने चित्रपटकार बाबूराव पेंटर यांचं नाव राहिलं! रंगवलेल्या पडद्यांऐवजी भरीव सेट त्यांनी आणले.

खटपट्या: धागा भरकटतोय. कवडसा, उभी रीलही काढणार आहेत का? १६:९ची ९:१६ केली की रुंदीचा मधला जेमतेम तिसरा भाग उरतो. आरसा आणि कॅलेंडर कडेला असतील तर दोन्ही गेले.

कवडसा: हो, रील आहे. कॅलेंडर कडेलाच आहे.

चिमटा: कॅलेंडर कुठल्या सालचं? १९८५ मंगळवारी सुरू झालं, २०१३ आणि २०१९सुद्धा. त्यातलं कॅलेंडर लावलं तर तारीख-वार जुळतील, सण-तिथी नाहीत, म्हणून क्लोजअप टाळा. आणि बटणं? पांढरा मॉड्युलर बोर्ड असेल तर रंग कितीही मळवा, फसणारच. लाकडी बोर्डावर काळी बेकेलाइटची बटणं लावा. जुन्या बाजारात मिळतात, वायर जोडायचीही गरज नाही.

कवडसा: बोर्ड पांढराच आहे. आज बदलतो. पलंग ओढला, फरक लगेच दिसला. आता अडचण वरची. फ्लॅट ८ फूट उंच, आणि एक शॉट जमिनीजवळून वर बघतो. गोदामाचा पत्रा दिसतोय. पंखाही लटकवायचाय.

खटपट्या: भिंतीपासून भिंतीपर्यंत दोन-तीन वासे टाका, मधे काळं कापड. गाणं स्लो मोशनमध्ये असेल तर पंखा जोरात ठेवा. सेकंदाला ५० फ्रेम्सनी शूट, सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, नंतर २५ फ्रेम्सनी दाखवायचं. पंखा निम्म्या वेगाने फिरताना दिसेल.

रंगारी: पंख्याचं वजन वाशांवर किंवा फ्लॅटवर अजिबात नको. गोदामाच्या छताच्या लोखंडी कैचीला वेगळी तार, शिवाय दुसरी सेफ्टीची. फ्लॅटला मागून तिरके टेकू, प्रत्येकावर वाळूची गोणी. गायक खाली उभा राहायच्या आधी पंखा अर्धा तास चालवून बघा.