गडचिरोलीच्या दक्षिण भागाची माहिती हवी आहे (मुलीची पहिली नेमणूक)

वासंती_मुलुंड
नमस्कार. मुलीचं एमबीबीएस झालं आणि बंधपत्राच्या सेवेसाठी तिला भामरागड तालुक्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र मिळालं. ती आनंदात आहे. आमच्याकडे मात्र नागपूरच्या पुढे कुणीच गेलेलं नाही. जिल्ह्यात चौरस किलोमीटरला 74 माणसं राहतात, एवढंच वाचलं. तिथली वस्ती कशी आहे, भाषा कोणती, पावसाळ्यात काय होतं? तिथलं कुणी असेल तर जरा सविस्तर लिहा.

आरमोरीचा_भाऊ
वासंतीताई, मी आरमोरीचा. नोकरीमुळे भांडुपला राहतो, पण धानाची बांधी अजून गावीच आहे.

आधी त्या 74 आकड्याबद्दल. तो 2011 च्या जनगणनेतला आहे आणि बरोबर आहे, पण त्यावरून भामरागड कळणार नाही. मुंबई शहर आणि उपनगर मिळून 603 चौरस किलोमीटर. आमचा जिल्हा 14,412, म्हणजे जवळजवळ चोवीस मुंबया, आणि माणसं पावणेअकरा लाखांच्या आत. त्यातही वडसा, आरमोरी, चामोर्शी हा वैनगंगेकाठचा पट्टा दाट वस्तीचा. मामा तलाव (जुने मालगुजारी तलाव), धानाची शेती, दिवाळीनंतर रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटकं. आम्ही तिथले. एटापल्ली-भामरागड वेगळं: डोंगर, साग-बांबूचं जंगल आणि त्यात वीस-पंचवीस घरांचे टोले. एका टोल्यावरून दुसऱ्यावर जायला कधी तासभर चालावं लागतं. तुमच्या मुलीचं काम तिथे आहे.

पण ताई, ते जंगल मोकळं पडलेलं आहे असं समजू नका. कुठली टेकडी कुठल्या गावाची, मोह कुणी वेचायचा, हे लोकांमध्ये ठरलेलं असतं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने तर 2009 साली वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, आणि 2011 पासून बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभा स्वतः देऊ लागली. मला आमच्या जिल्ह्याचा सगळ्यात जास्त अभिमान या गोष्टीचा वाटतो. मुंबईत गडचिरोलीचं नाव काढलं की लोक लगेच बंदुकीचं विचारतात, मेंढ्याचं कुणी विचारत नाही. फार वाईट वाटतं.

भामरागडला बहुतेक लोक माडिया आदिवासी. बोली माडिया, मराठीशी तिचं नातं नाही, ती द्रविड कुळातली. शाळेत गेलेली मुलं मराठी बोलतात, म्हातारी माणसं फारशी नाही. भेटल्यावर ‘जोहार’ म्हणायचं. पहिल्या महिन्यात ‘कुठे दुखतं’, ‘ताप कधीपासून’ एवढं तरी माडियात शिकून घ्यायला सांगा, आशाताई शिकवतील. मार्च-एप्रिलमध्ये घरातले सगळे पहाटेच मोह वेचायला जातात आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला. त्या दिवसांत सकाळी दवाखान्यात कुणी आलं नाही, तर लोकांना दवाखाना नकोय असा अर्थ काढू नये. संध्याकाळी टोल्यावर गेलं की सगळे भेटतात.

हिवताप भरपूर, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, साप आहेत. माणूस आजारी पडला की आधी गावच्या पुजाऱ्याकडे नेतात. त्याच्याशी भांडून उपयोग नाही, ओळख करून घ्यावी. काही गावांत पाळीच्या दिवसांत बायका कुर्माघरात, म्हणजे वेगळ्या झोपडीत राहतात. ते पाहून तिला त्रास होईल, व्हायलाच हवा, पण बोलायचं ते तिथल्या बायकांशी, हळूहळू.

पावसाळा. भामरागडला पर्लकोटा आणि पामुलगौतमी इंद्रावतीला मिळतात. इंद्रावती चढली की पर्लकोटेचं पाणी मागे फुगतं आणि गावात शिरतं. मी पाहिलं तेव्हा पूल पाण्याखाली होता आणि बाजारपेठेत नाव चालत होती. बाळंतपणाच्या तारखा जवळ आलेल्या बायकांना पूर येण्याआधीच दवाखान्याजवळ आणून ठेवणं, हे तिथल्या डॉक्टरचं जुलैमधलं मोठं काम.

सिरोंचाची_बाई
मी सिरोंच्याकडे आश्रमशाळेत शिकवलं. भाऊंनी उत्तरेचं आणि भामरागडचं लिहिलं, आमचा कोपरा राहिला. प्राणहिता गोदावरीला मिळते तिथला हा भाग. घराघरांत तेलुगू, बाजारहाट पलीकडे तेलंगणात. मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावं आहेत, तिथे दुर्गापूजा होते. एकाच वर्गात माझ्याकडे तेलुगू, गोंडी आणि बंगाली बोलणारी मुलं असायची. तुमच्या मुलीची बदली जिल्ह्यातच दुसरीकडे झाली, तर तिला भाषा पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागेल, हे लक्षात असू द्या.

वासंती_मुलुंड
दोघांचे मनापासून आभार. मुलीला वाचून दाखवलं, तिने वहीत उतरवून घेतलं. दोन गोष्टी विचारते. जायचं कसं? आणि अडलं तर तिला तिथे कोण?

आरमोरीचा_भाऊ
नागपूरपर्यंत दुरांतो, पुढे चंद्रपूर, गोंडपिपरी, आष्टी करत आलापल्ली. एका दमात करू नका, आलापल्लीला मुक्काम करा. तिथून भामरागड साधारण 65 किलोमीटर, सगळं जंगल. भामरागडच्या अलीकडेच हेमलकसा लागतं. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथे 1973 पासून दवाखाना चालवला, आता पुढची पिढी पाहते. पहिल्याच आठवड्यात तिथे जाऊन भेटून यावं. कामावर रुजू होण्याआधी वेळ मिळाला तर धानोऱ्याच्या वाटेवर शोधग्रामही बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावच्या बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि बालमृत्यू खाली आणले, ते काम तिथलं.

रोजच्या अडचणीला मात्र तिच्या केंद्रातली जुनी परिचारिका आणि गाडीचा चालक हीच माणसं. कोणत्या नाल्याला किती पाणी आलं की थांबायचं, कुठल्या रस्त्याने रात्री जायचं नाही, हे त्यांना ठाऊक असतं. ते थांब म्हणाले तर थांबायचं. मच्छरदाणी, चांगली टॉर्च आणि पायात पूर्ण बूट द्या. केंद्राचं नाव कळवा, त्या बाजूला माझा मावसभाऊ मास्तर आहे, त्याला सांगून ठेवतो.