नर्सिंग कॉलेजचा निधी पूर्ण झाला! आता कार्यक्रम कसा करायचा?

कोथरूडची_माजी:
नमस्कार मंडळी, आमच्या युनिव्हर्सिटीच्या नर्सिंग कॉलेजसाठी माजी विद्यार्थिनींनी मिळून निधी जमवायला घेतला होता, सिम्युलेशन लॅब (पुतळ्यांवर सराव करायची) आणि गरजू मुलींच्या फीसाठी, आणि टार्गेट चक्क वेळेआधी पूर्ण झालं!! परदेशातल्या बॅचमेट्सनी दिलेच पण वॉर्डातल्या मावशींनीपण शंभर-शंभर दिलेत. आता सगळ्यांना मोठा कार्यक्रम हवाय, टिळक स्मारक नाहीतर बालगंधर्व, शाल-श्रीफळ, मोमेंटो वगैरे. माझ्या जिवावर आलंय कारण खर्च शेवटी त्याच पैशातून होणार. पण आभार तर मानायलाच हवेत ना? तारीख १२ मे धरलीय, नर्सेस डे. कुणी केलंय का असं काही?

सदाशिवपेठी:
अभिनंदन! हॉल कशाला, कॉलेजातच करा. मोमेंटो अजिबात नको, आमच्या माळ्यावर पोतंभर पडलेत. चहा-बाकरवडी पुरे, आणि ती कुणाकडून तरी उकळा.

नाईट_ड्युटी:
वेळ सांभाळा आधी. संध्याकाळी ६ ठेवलंत तर इव्हनिंगवाल्या वॉर्डात आणि नाईटवाल्या डबा भरतायत, म्हणजे देणगीदार सिस्टरच गायब. दुपारी ३-४ ठेवा, मॉर्निंगवाल्या हँडओव्हर देऊन येतील, नाईटवाल्यांची थोडी झोप झालेली असेल.
आणि लॅब झालीय ना, मग भाषणं कमी करा आणि लोकांना मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, सीपीआर (हृदय बंद पडलं की छाती दाबतात ते) करायला लावा, शिकवायला थर्ड इयरच्या मुली. मिनिटाला १०० ते १२० वेळा, छाती ५ सेंटीमीटर तरी खाली दाबली गेली पाहिजे, दोन मिनिटांत भलेभले घामाघूम होतात. पैसे कुठे गेले हे वेगळं सांगावं लागणार नाही.

हिशेबनीस:
सीपीआर मस्त! पण त्याआधी पावत्या. ८०जी (देणगीवरची इन्कम टॅक्सची वजावट) हवी असणाऱ्यांचे पॅन नंबर घेतलेत का? २००० च्या वर रोख दिलेल्यांना वजावट मिळत नाही, नव्या टॅक्स रिजीमवाल्यांनाही नाही, हे आत्ताच सांगून टाका म्हणजे नंतर फोन येणार नाहीत. परदेशातल्या मैत्रिणींपैकी ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांचं ठीक, पण तिकडचं नागरिकत्व घेतलेल्यांचा पैसा एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली येतो, ती नोंदणी कॉलेजकडे आहे का विचारा.

पर्वतीचा_जुना:
बोर्डवर नावं लावणार असाल तर रकमेप्रमाणे लावू नका राव. ससून हॉस्पिटल डेव्हिड ससूनच्या देणगीतून उभं राहिलं, नाव आजही आहे, चांगलंच आहे. पण रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि तिथल्या बायका नर्सिंग शिकायला ससूनमध्ये जाऊ लागल्या, तेही विधवांनी, बायकांनी असलं काम करायचं म्हटलं की लोक नाकं मुरडायचे तेव्हा. त्यांच्यातल्या एकीचं तरी नाव आपल्याला सांगता येईल का? आडनावाच्या अक्षरक्रमाने लावा, मावशी आणि अमेरिकावाली एकाच ओळीत.

कोथरूडची_माजी:
@पर्वतीचा_जुना हे आवडलं, तसंच करतो. सीपीआर फायनल, वेळ दुपारी साडेतीन. पासपोर्टचं ऑफिसात विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले, उद्या परत जाते. शाल-श्रीफळ कॅन्सल, फक्त कुलगुरू येतायत म्हणून त्यांचं एक. भाषण १० मिनिटं असं कळवलंय.

नाईट_ड्युटी:
माईक तुमच्याच हातात ठेवा 😄